मी जोडलेली असताना

काकांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, हृदयाचा पहिला झटका आला आणि त्या काकांकडे कायमच्या राहायला आल्या, त्याच वर्षी मी कामाला लागले. मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. करड्या रंगाची, हातभर लांब. नवी होते तेव्हा तुकतुकीत होते. आता गळ्याला चिकटपट्टी आहे आणि तिच्यावरच माझे दिवस चालले आहेत.

काका आमच्या कार्यालयातले सगळ्यांत जुने अभियंते. तिथे रुग्णाच्या उशाशी ठेवायचं, नाडी दाखवणारं यंत्र बनत होतं. यंत्र सुरू केलं की पडदा उजळायला वेळ लागतो. तोवर आत काय चाललंय ते यंत्र ओळीओळीने माझ्यातूनच सांगायचं. यंत्राच्या प्रत्येक भागाला जागं करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कोणाला आधी उठवायचं आणि कोणाला मागून, हे कर्नल ठरवतो. कर्नल म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा कारभारी.

आमच्या यंत्राची एक खोड होती. दहातून एकदा, पडदा उजळला तरी, नाडीच्या आकड्याच्या जागी नुसती रेघ यायची. काकांनी मला जोडलं की मात्र ते शहाण्यासारखं चालायचं. काढलं की पुन्हा रुसायचं. तीन आठवडे हेच चाललं. जोड, सुरू कर, बंद कर, काढ. माझ्या पिना झिजल्या, काकांचे डोळे सुजले.

माझं कौतुक मात्र वाढत गेलं. साहेब म्हणाले, "काका, हिचा पायगुण चांगला आहे हो! प्रत्येक यंत्रात अशी एक केबल चिकटवूनच देऊ. सोमवारी वीस यंत्रं रुग्णालयात जायचीत."

"आणि ती निसटली तर?"

"कशाला निसटेल? तुम्ही उगाच कीस पाडत बसता."

"साहेब, त्यातलं एक आमच्या अक्काच्या उशाशी लागणार आहे."

अक्का त्याच आठवड्यात पुन्हा रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. दुपारी त्यांचा फोन आला.

"जेवलास का रे?"

"हो, मघाशीच."

"खोटारड्या! आवाज पोटातून नाही, पाताळातून येतोय तुझा. आधी जेव."

काकांनी डबा उघडला. दोन घास खाल्ले आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत बसले. मी संथ होते. माझ्यातून एकेक अक्षर जायचं आणि ओळ संपेपर्यंत कर्नल थांबून राहायचा. काकांनी हात धुतले आणि माझा वेग आठपट वाढवला. मला धाप लागली. चौदाव्या खेपेला मी जोडलेली असतानाच यंत्र रुसलं. माझ्यातून ओळ आली: नाडीचा सेन्सर, उत्तर नाही. तिच्या खालची ओळ: वीज देणारी चिप, तयार.

"अरे! वीज यायच्या आधीच कर्नल सेन्सरला हाक मारतोय," काका पुटपुटले. "ही बिचारी नुसता वेळ काढून देत होती."

मित्रांनो, मला फार ओशाळल्यासारखं झालं. माझा पायगुण म्हणजे माझा आळस होता, आणि त्याच्याखाली इतके दिवस चूक झाकली गेली होती. काकांनी सेन्सरच्या ड्रायव्हरला शिकवलं, की वीज तयार नसेल तर कर्नलला सांगायचं, "मला मागून बोलव." मग मला काढून त्यांनी यंत्र पाचशे वेळा सुरू केलं. एकदाही रेघ आली नाही. यंत्रं सोमवारी नाही, गुरुवारी गेली. साहेब कुरकुरले.

मला नीट गुंडाळून खणात ठेवलं. नंतर कोणीही यायचं, मला मधूनच धरून ओढायचं. अशीच एकदा गळ्यातली तार तुटली. मित्रांनो, केबल काढताना टोक धरून काढा, एवढंच मागणं आहे. आणि कोणी पाठीशी असल्यामुळे काम चाललंय असं दिसलं, तर त्याला काढून एकदा बघा.

पुढच्या वर्षी काका बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा खण उघडून त्यांनी माझ्या गळ्याला ही पट्टी लावली. साहेबांनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "यंत्र आकडा शेवटपर्यंत बरोबर दाखवत होतं."

अक्का त्या वर्षीच्या नऊ फेब्रुवारीला, सकाळी सव्वासातला वारल्या.