बांगड्यांचं कडवं

सीतारामचा पोवाडा म्हटला की लालबागच्या त्या चाळीत माणसं जिन्यावरसुद्धा मावायची नाहीत. दिवसभर गिरणीत माग चालवायचा आणि संध्याकाळी डफ घेऊन संयुक्त महाराष्ट्रासाठी गळा फाडायचा. त्याचं एक कडवं फार गाजलं होतं: 'मोर्चा चुकवून घरी बसे जो, त्यानं बांगड्या भराव्या!' पुरुष शिट्ट्या मारायचे, बायकासुद्धा हसायच्या. शाहिराला आणखी काय हवं?

मग परवाचा मोर्चा झाला. अश्रुधूर सुटला, लाठ्या सुरू झाल्या आणि आमचे हे वीर भर रस्त्यात उभेच राहिले. पाय उचलेचनात. बायकांच्या रांगेतून त्याची बायको, कौसल्या, धावत आली आणि त्याला धरून ओढत गल्लीत घेऊन गेली. जाता जाता एक लाठी तिच्या हातावर बसली, बांगड्यांच्या काचा मनगटात घुसल्या. चाळीत मात्र तिने सांगितलं, 'नळावर पाय घसरला.' नवऱ्याची अब्रू तिने अशी झाकली की त्याला घास गिळवेना.

आज चौकात पुन्हा कार्यक्रम होता. निघताना त्याने विचारलं, "ता कडवा आज म्हणू काय गो?"

"तुमचा गाणा, तुमी बघा," म्हणत तिने हातावरची चिंधी दातांनी आवळली.

पोवाडा रंगला. ती ओळ जवळ आली, मागे झील धरणारा भिवा सूर लावून तयार झाला. समोरच कौसल्या बसली होती. सीतारामने डफ खाली ठेवला.

"ह्या कडवा आजपासून बंद. परवा भिऊन उभो रवलो तो मी. माका भायर काढल्यान ता बांगड्यांच्या हातान. माझ्या कौसल्येन."

चौकात माना एकमेकांकडे वळल्या. शाहीर भ्याला याचं कुणाला फारसं वाटलं नाही, पण भर सभेत नवऱ्याने बायकोचं नाव घ्यावं? म्हाताऱ्या कमलाबाईने पदर तोंडाला लावला. मागून कुणीतरी ओरडलं, "शाहीर, आता लुगडं नेसा!" हशा पिकला. सीतारामचे कान तापले, तरी छाती हलकी झाली होती. मग बायकांतून टाळ्या सुरू झाल्या आणि पुरुषांनाही टाळ्या वाजवणं भाग पडलं.

घरी कौसल्या ताट आपटून म्हणाली, "माझा नाव चारचौघांत कशाक घेतलात? उद्या तोंड कसा दाखवू?"

"तू नसतंस तर मी थयच पडलो असतो. इतकी गाणी केली, त्यात तुझा नाव एकदा तरी होता काय? उपकार तरी मानूक दी गो." त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

तिने त्याच्या वाटीत कढी वाढली. मग म्हणाली, "परवा परत मोर्चो आसा. मी पुढच्या रांगेत असतलंय, तुमी मागसून या. भय वाटला तर हाक मारा. नाव घेऊक लाजू नकात."