केंद्राचा चौथा अवतार

त्या दोन खोल्यांच्या रेडिओ केंद्राचे आजवर तीन अवतार झाले होते आणि चौथा आज सकाळी सुरू व्हायचा होता. केंद्रप्रमुख बाई धास्तावल्या होत्या, कारण पहिल्याच कार्यक्रमाचे पाहुणे होते त्यांचे स्वतःचे वडील.

पहिला अवतार या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. बातम्या, बाजारभाव, कुठल्या गल्लीत पाणी कधी येणार, कुणाचं काय हरवलं. आप्पांच्या आवाजावर गाव घड्याळ लावायचं. ते निवृत्त झाले, लेक त्यांच्या खुर्चीत बसली आणि तिने फर्माइशी गाणी सुरू केली. रात्रपाळी संपवून आलेली नर्स बसचालक नवऱ्यासाठी गाणं लावायला सांगे, शिंपी रुसलेल्या भावासाठी. गाव खूश झालं. आप्पा मात्र म्हणाले, "किराणा दुकान काढलंस का? मागेल ते पुडीत बांधून द्यायला?" आणि त्यांनी घरचा रेडिओ कपाटावर ठेवून दिला.

तिसरा अवतार मालकांच्या हौसेचा. संगणक दिवसभर गाणी वाजवत राही, मधे माणूस म्हणून नाही. लोकांनी हळूहळू पाठ फिरवली. बाई मालकांशी भांड भांड भांडल्या आणि शेवटी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की आता गावच बोलेल. लोक फोन करतील, आपलं सांगतील, दुसऱ्याचं ऐकतील. "कुणी बोललंच नाही, तर पुन्हा संगणक," मालकांनी बजावलं होतं.

बाईंना केंद्राचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. पण आप्पांनी इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल एकही चांगला शब्द काढला नव्हता. त्या एका शब्दासाठी केस पिकलेल्या या बाई अजून शाळकरी पोरीसारख्या आसुसलेल्या होत्या.

आप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"कागद कुठाय?"

"कागद नाही, आप्पा. नुसत्या गप्पा मारायच्यात."

"गप्पा चहाच्या दुकानात मारतात. त्याला रेडिओ कशाला लागतो?" असं म्हणत ते माइकसमोर बसले.

बाई काचेपलीकडे गेल्या आणि त्यांनी खूण केली. आप्पांचा आवाज लागला, तो जुन्यासारखाच खणखणीत. त्यांनी गावाची विचारपूस केली, दोन चिमटे काढले, फोन करायला सांगितलं. फोनचे दिवे काही लागेनात. बाईंचा चेहरा उतरला.

आप्पांच्या टेबलावर एक लाल बटण होतं. निवेदकाला खोकला आला की ते दाबून धरायचं, तेवढा वेळ माइक मुका. संगणकाच्या काळात त्या खुर्चीत कुणी बसतच नव्हतं, म्हणून तंत्रज्ञाने त्याची तार काढून टाकली होती. या तंत्रज्ञाला सगळे पक्कड म्हणत. बटण मेलंय हे आप्पांना सांगायचं बाई साफ विसरल्या होत्या.

पक्कड पाणी घेऊन आत आला. आप्पांनी सवयीने बटण दाबलं आणि त्याच्याकडे वळले.

"बघ रे पक्कड, फोन येत नाही म्हणून पोरगी कशी पांढरीफटक पडलीय. वेडी आहे. अरे, मी गावाला नुसत्या बातम्या वाचून दाखवल्या. हिने गावाला एकमेकांसाठी गाणी लावायला शिकवलं. घरी ऐकलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं, म्हणून रोज सलूनमध्ये जाऊन बसायचो. डोक्यावर एक केस नसताना! माझ्यापेक्षा काकणभर सरसच आहे ती."

पक्कड घाबरून दोन्ही हात हलवत होता. "हात काय हलवतोस?" आप्पा म्हणाले. "तिला सांगू नकोस म्हणजे झालं. डोक्यावर बसेल."

पहिल्याच वाक्याला बाईंचा हात माइक बंद करायच्या कळीवर गेला होता. तो तिथेच राहिला. डोळे भरून वाहत होते आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

तेवढ्यात एक दिवा लागला, मग दुसरा, मग सगळेच.

"आप्पा, मी सलूनवाला," पहिला फोन म्हणाला. "सगळं खरंय. शिवाय गाणं चालू असताना हे मला कात्रीसुद्धा वाजवू द्यायचे नाहीत."

आप्पांचे कान लाल झाले. पण गाव हसत होतं, आणि पुढे आप्पांवरून शिंप्यावर, शिंप्यावरून शाळेच्या गळक्या छपरावर बोलत सुटलं, ते कार्यक्रमाची वेळ उलटून गेली तरी थांबेना. मालकांनी निरोप पाठवला, चालू द्या.

सगळं आटोपल्यावर आप्पा बाहेर आले.

"माझा माइक चालू होता हे तुला दिसत होतं ना? मग बंद का नाही केलास?"

"इतकी वर्षं वाट बघत होते, आप्पा," बाई म्हणाल्या. "तुमचं बोलणं मधेच कसं तोडू?"

आप्पांनी घसा खाकरला, खिडकीबाहेर बघितलं.

"मग अर्धवटच ऐकलंस तू. तो पक्कड हात हलवत बसला नसता, तर अजून बरंच सांगायचं होतं."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, समोर आपली ओढली आणि म्हणाल्या, "सांगा."