‘पण’ म्हणायचं नाही

"पण म्हणालात, काका! उभे राहा, उभे राहा!"

सगळी खोली ओरडली. गोदामवाले काका खुर्ची सरकवून उभे राहिले.

"अहो, जन्मभर पण-पणच करत आलोय. जीभ आपोआप वळते तिकडे."

लोक हसले, मीही हसले. बैठक चालवणाऱ्याने हसायचं असतं.

हा नियम माझाच. बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तोवर माझं जुनं काम दुसऱ्याकडे गेलं होतं. साहेबांनी मग या बैठका माझ्या गळ्यात घातल्या. सगळ्यांना बोलतं करायचं आणि नव्या कल्पना काढायच्या. पहिल्या बैठकीत कोणी काही सुचवलं, की दुसरा लगेच "पण" म्हणून ते जागीच मारायचा. म्हणून ठरवलं, ‘पण’ऐवजी ‘आणि’ म्हणायचं. चुकेल त्याने उभं राहायचं. चालवणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. साहेबांना हे भारी आवडलं. हे काम तरी टिकावं म्हणून मीही ते मन लावून करत होते.

आजचा विषय मी फळ्यावर लिहिला होता : भेटायला येणाऱ्या ग्राहकांसाठी जागा कुठून काढायची?

चिठ्ठ्या गोळा झाल्या. मी एकेक वाचून फळ्यावर चिकटवू लागले.

"साहेबांची केबिन अर्धी करावी."

हशा पिकला. साहेबही हसले. त्यावर ‘आणि’ म्हणायला मात्र कोणी पुढे आलं नाही.

पुढची चिठ्ठी उघडली. "खालचं पाळणाघर बंद करावं. मुलं आता मोजकीच आहेत."

आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मलाच नवल वाटलं. चिठ्ठीचा एक कोपरा सुटत होता. तो अंगठ्याने दाबून धरला.

"आणि तिथली खिडकी केवढी मोठी आहे," कोणीतरी म्हणालं.

"आणि रस्त्यावरून माणूस थेट आत येतो. जिना चढायला नको."

"आणि दुपारची ती रडारड बंद होईल, बाई," खरेदी विभागातली माझी मैत्रीण म्हणाली. तिची दोन्ही मुलं त्याच खोलीत रांगली. आता शाळेत जातात. बोलताना ती पेनचं टोपण काढत-लावत होती.

कोणी वाईट वागत नव्हतं. सगळे नियमाने बोलत होते, मी शिकवलं होतं अगदी तसं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

घरी मुलीला सांभाळायला कोणी नाही. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते आणि सासूबाईंनाच उठायला आधार लागतो. हे सगळं डोक्यात शांतपणे येऊन गेलं, दुसऱ्या कोणाची हकीकत वाचावी तसं.

"पण माझी मुलगी…" मी म्हणाले.

"पण!" खोली दणाणली. "मॅडमच चुकल्या! उभ्या राहा!"

मी उभीच होते.

"मग कान धरा!" मागून कोणीतरी म्हणालं. साहेबांनी हसत हात वर केला. "आणि म्हणा मॅडम, आणि."

"आणि माझी मुलगी तिथे असते," मी म्हणाले.

खिडकी, रस्ता, रडारड. त्याच माळेत तेही वाक्य जाऊन बसलं. मग साहेब म्हणाले, "अरे हो की! मग उत्तमच. तुम्हाला त्यातल्या अडचणी कळतात. महिनाअखेर खोली मोकळी करायचं तुम्हीच बघा. बाकीच्या मुलांच्या आयांशी बोला. आणि पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींनाही सांगून टाका आजच, उगाच दुसरीकडून कळायला नको. तुम्हाला बोलायचं छान जमतं."

"बरं," मी म्हणाले.

बाहेर मैत्रिणीने दंडाला धरलं. "मनाला लावून घेऊ नकोस गं. बोलण्याच्या भरात तू डोक्यात आलीच नाहीस."

"नाही गं. त्यात काय."

खाली पाळणाघरात मुलगी कोपऱ्यात झोपली होती, एक पाय गादीबाहेर. मी आधी तिचा श्वास पाहिला. रोजच पाहते. मावशी वाळलेल्या चादरी आवरत होत्या.

"या ताई. आज वर काय गंमत होती? हसणं पार इथवर येत होतं."

"मावशी, जरा बोलायचं होतं."

"बोला की. तेवढं हे दुसरं टोक धरा, एकटीने घडी नीट पडत नाही."

मी टोकं धरली. मावशींनी चादर झटकली, ताणली. दोघी चालत एकमेकींजवळ आलो. त्यांनी माझ्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली, चादरीवरून तळवा फिरवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हं, काय म्हणत होता?"

"आधी एवढ्या होऊ देत," मी म्हणाले आणि पुढची चादर उचलली.