आपलं तेवढं

“मशीनने विचारलं, काढायचं का? मी हो म्हणून वाय दाबलं,” रोझमेरीने तिसऱ्यांदा सांगितलं. “दुसरं काय दाबणार होते मी?”

वालीवच्या शेडमधल्या त्या छोट्या ऑफिसात चौघं जमली होती. रोझमेरी गासच्या दवाखान्यात टायपिंग करायची. तिथल्या प्रमुख सिस्टर सालोमी तिच्या शेजारी ताठ बसल्या होत्या. समोर मालक कॉन्रॅड परेरा, आणि दाराशी उभा ॲन्सेल्म डाबरे, वय त्रेपन्न, राहणार पापडी. आधी गिरणीत टायपिस्ट, गेली तीन वर्षं कॉन्रॅडकडे.

कॉन्रॅड युनिक्सवर चालणारी कॉम्प्युटरची मशीनं जुळवून विकायचा. त्यावरचे प्रोग्रॅम मात्र दुसऱ्या कंपन्यांचे. ते आपल्या मशीनवर नीट बसतील असे तयार करणं हे ॲन्सेल्मचं काम. कुठली फाइल कुठे ठेवायची त्याची यादी, बसवायची आज्ञा, काढायची आज्ञा, सगळं फ्लॉप्यांवर भरून डबा बंद. गिऱ्हाइकाला त्याचं नाव कधी कळलं नाही, आणि त्यालाही त्याची खंत नव्हती.

रोझमेरीने पत्रलेखनाचा जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवला, तेवढ्यात आठ महिने टाइप केलेली रक्तदात्यांची यादी नाहीशी झाली. अडीच हजार नावं. कुणाचं रक्त कुठलं, घर कुठल्या आळीत, निरोप कुणाकडे द्यायचा, सगळं त्यात होतं.

“काढण्याआधी कॉपी करा, असं पुस्तकात लिहिलंय. पान चौदा,” कॉन्रॅड म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. धंदा नवा होता, आणि नव्या धंद्याला पान चौदाचा फार आधार असतो.

सिस्टरनी सुस्कारा सोडला. “मग मला हिला ठेवता येणार नाही. उद्या कुणाला रक्त लागलं तर मी काय सांगू?”

रोझमेरी मान खाली घालून पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

ॲन्सेल्मने सकाळीच आपली काढायची आज्ञा उघडून पाहिली होती. एकशे बारा फाइली एकेक करून काढायच्या, त्याऐवजी त्याने एकच ओळ लिहिली होती: ही अख्खी खोली, म्हणजे फाइलींची डिरेक्टरी, पाडा. तेव्हा तो स्वतःवर केवढा खूश झाला होता. त्याच्या मशीनवर त्या खोलीत प्रोग्रॅमच्या फाइलींशिवाय काही नव्हतंच. तिथे बसून कुणी आठ महिने काही लिहिलं नव्हतं.

“चूक हिची नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “माझी आहे.”

“अंकल, तुम्ही जरा चहाचं बघा,” कॉन्रॅड म्हणाला.

ॲन्सेल्म हलला नाही. “लग्नाला आपण घरोघरची भांडी आणतो ना, सिस्टर? प्रत्येकावर नाव कोरलेलं असतं. लग्न उरकलं की नाव बघून ज्याचं त्याला. मी नावं बघितलीच नाहीत. सगळी खोली उचलून फेकली. हिची यादी त्याच खोलीत होती.”

पापडीतल्या लग्नांची भांडी तीस वर्षं त्याच्या बायकोने, रेजिनाने सांभाळली होती. “आपलं तेवढं उचला,” असं ती मांडवात ओरडत फिरायची. मागच्या मार्चमध्ये ती गेली. आणि ज्याच्या घरात हा धडा रोज शिकवला जायचा, त्यानेच तो गिरवला नाही. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

रोझमेरीची नोकरी राहिली. ॲन्सेल्मला कॉन्रॅडने लेबलं चिकटवायला बसवलं. “काढत नाही तुम्हाला, अंकल. पण गिऱ्हाइकासमोर असं बोलतात का कोण?” ॲन्सेल्मने एकच मागणं केलं, लेबलांकडे जाण्याआधी ती आज्ञा सुधारू द्या. आता ती यादीतली एकेक फाइल काढायची आणि खोली रिकामी असेल तरच बंद करायची. आत दुसऱ्याचं काही दिसलं की तिथेच थांबायची.

मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो सायकलने गासला जाऊ लागला. रक्तदान शिबिरांतल्या मूळ चिठ्ठ्या सिस्टरनी बिस्किटांच्या डब्यांत ठेवल्या होत्या. काही वाळवीने अर्ध्यामुर्ध्या खाल्ल्या होत्या, त्यांवरच्या माणसांची घरं तो वाटेत शोधून, विचारून यायचा. तो वाचायचा, रोझमेरी टाइप करायची.

“शत्रुघ्न पाटील, बी पॉझिटिव्ह.”

“झालं.”

“फ्लॉसी लोपीस, ओ पॉझिटिव्ह. निरोप चर्चमागच्या दुकानात.”

“झालं. पुढे?”

पुढची चिठ्ठी ॲन्सेल्मने उजेडाकडे धरली. अक्षर ओळखीचं होतं. रेजिना डाबरे, पापडी, ए पॉझिटिव्ह. वजन सेहेचाळीस. ती आयुष्यात कधी त्रेचाळीसच्या वर गेली नव्हती. पंचेचाळीसच्या खाली रक्त घेत नाहीत, म्हणून खोटं लिहिलं होतं तिने, आणि घरी येऊन त्याला काही बोललीही नव्हती.

रोझमेरीने वाकून नाव वाचलं. “टाकू, अंकल?”

“नको. निरोप धाडला तर यायला हवं ना माणूस.”

त्याने ती चिठ्ठी दोन घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. बाकीचा गठ्ठा गुडघ्यावर नीट जुळवला आणि चष्मा पुसून पुढचं नाव वाचलं.

“बायजा म्हात्रे. एबी निगेटिव्ह. हे बघून टाक हं, असं रक्त सहजी मिळत नाही.”