सज्जनबाईंचा डबा

आधी माझ्या झाकणावरची अक्षरं वाचा, म्हणजे ओळख करून देण्याचा माझा त्रास वाचेल. 'चि. सज्जनला मामांकडून.' अक्षरं ठिपक्याठिपक्यांची आहेत आणि जरा तिरकी गेली आहेत, कारण मंचरच्या भांड्यांच्या दुकानात ती कोरणारा माणूस कोरता कोरता गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होता. मी स्टीलचा पेढेघाटी डबा. बसका, गोल, पोट सुटलेला. मामांनी भाचीच्या लग्नात दिलेल्या भांड्यांच्या ढिगात मी होतो, आणि त्या ढिगातला आजही रोज वापरात असलेला मी एकटाच. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

सज्जनबाई मंचरहून सासरी आल्या त्या नारायणगावात. सासऱ्यांचं, पुखराजशेठचं, पेठेत किराणा दुकान, दुकानामागे घर, घरावर एक मजला. मूळ राजस्थानातलं, पण कित्येक पिढ्या इथंच रुजलेलं हे जैन कुटुंब. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, जमिनीखाली वाढणारं काहीच या घरात शिजत नाही. मंचरच्या बाजारात बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात म्हणे. मी जन्मलो त्याच गावात, पण बटाटा कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

माझं काम शेजारधर्माचं. घरात बेसनाच्या गट्ट्यांची भाजी झाली, मुगाचा शिरा झाला, की मला भरायचं आणि कुणाच्या तरी घरी पाठवायचं. आणि इथली रीत अशी, की आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. मी घरातून भरलेला निघतो आणि भरलेलाच परत येतो. माझं सगळं आयुष्य या रीतीवर उभं आहे.

गेल्या जूनमध्ये वरच्या मजल्यावर ऑर्ला आणि डेक्लन राहायला आले. नवरा-बायको, दोघं आयर्लंडचे. वारूळवाडीच्या बाजूच्या एका शाळेनं त्यांना एका वर्षासाठी इंग्रजी शिकवायला बोलावलं होतं. सज्जनबाईंच्या मुलानं, पारसनं, जागा देताना एकच अट घातली, की वर मांस, मासे, अंडी शिजवायची नाहीत. दोघांनी मान डोलावली. बटाट्याचं पारस बोलला नाही. या घरात कुणी बटाटा खात नाही हे सगळ्या पेठेला माहीत होतं, आणि जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत बसत नाही.

पहिल्याच दिवशी सज्जनबाईंनी मला गट्ट्याच्या भाजीनं भरून वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी परत आलो तो लख्ख घासलेला, कोरडा पुसलेला आणि रिकामा. असा रिकामा मी कधी जिना उतरलो नव्हतो. सज्जनबाईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मला फळीवर ठेवलं. पुढच्या खेपेलाही तेच. त्यांची सून खुशबू म्हणाली, "मम्मीजी, त्यांच्याकडे नसेल रीत." सज्जनबाई म्हणाल्या, "नसू दे. आपली तर आहे ना." आणि मी पुन्हा भरून वर गेलो.

या फेऱ्यांमुळे मला वरचा संसार दिसत होता. डेक्लनचं बरं चाललं होतं. त्याचं घरही गाईगुरांचं. दूध घालणाऱ्या साळुबाईंच्या गोठ्यात जाऊन तो गाईशी इंग्रजीत बोलत बसायचा, आणि साळुबाई सगळ्यांना सांगायच्या की गाईला ते कळतं. जीपमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसायलाही तो शिकला.

ऑर्लाचं मात्र जमेना. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे, आणि ती उठून हंडा लावेपर्यंत गेलेलं. बाजारात निघाली की चार बायका थांबवून विचारायच्या, पगार किती, मूल का नाही. त्या मायेनंच विचारत, पण ती घरी येऊन दार लावून बसायची. शाळेत तर कठीणच. ती वर्गाला विचारायची, "समजलं का?" पन्नास पोरं एका सुरात "येस टीचर" म्हणायची, आणि समजलेलं नसायचं कुणालाच. एकदा ती जेवता जेवता नवऱ्याला म्हणाली, "इथं मी काहीही केलं तरी चुकतं, आणि काय चुकलं ते कुणी सांगत नाही." तेव्हा मी टेबलावरच होतो. मला वाटलं, बाई, माझ्यात चिमूटभर साखर टाक, निदान एक चूक तरी कमी होईल.

ते काम शेवटी साळुबाईंनी केलं. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी त्या दूध घेऊन वर आल्या, तेव्हा ऑर्ला मला पुसत होती.

"म्याडम, भांडं मोकळं देऊ नये," साळुबाई हातवारे करत म्हणाल्या. "कायतरी घालायचं आत. थोडं का व्हईना. आमी समदे तसंच करतो."

ऑर्लाला कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिला काय चुकलं ते कुणीतरी पहिल्यांदाच सांगितलं होतं. तिनं मला असं काही हातात धरलं की मीही खूश झालो. दोन दिवसांनी तिनं साळुबाईंकडून लोणी घेतलं आणि मंचरचे बटाटेही मागवले. साळुबाईंना वाटलं, घरच्या भाजीला असतील.

तेव्हा खाली पर्युषण चालू होतं. सज्जनबाईंनी अठ्ठाई केली होती, म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. खुशबूनं जिन्यात ऑर्लाला सांगितलं, "उद्या सकाळी मम्मीजींचा उपवास सुटेल. पाहुणे येतील, तुम्हीही या."

ऑर्ला पहाटेच उठली. बटाटे उकडून कुस्करले, मैदा आणि लोणी घालून मळले, जाड टिक्क्या थापून तव्यावर खरपूस भाजल्या. हा तिच्या आजीचा पदार्थ. तिच्या गावी दुखण्यातून उठलेल्या माणसाला तो देतात. त्या गरम टिक्क्या तिनं माझ्यात रचल्या. बटाट्याशी माझी भेट झाली ती अशी.

खाली बैठकीत मंचर, राजगुरुनगरहून आलेले नातेवाईक बसले होते. सज्जनबाई मधे खुर्चीवर, अशक्त पण हसऱ्या, आणि एकेक जण त्यांना मुगाचं पाणी चमच्यानं पाजत होतं. ऑर्ला नवा पंजाबी ड्रेस घालून मला दोन्ही हातांनी धरून आत आली. तिनं झाकण उघडलं आणि पाठ केलेलं मराठी म्हणाली, "बटाटा. मी केला. तुमच्यासाठी."

एक आत्याबाई पदर सावरत मागे सरकल्या.

"पारण्याला कंदमूळ!" त्या म्हणाल्या. "पारस, तो डबा आधी मागं नेऊन ठेव. आणि आता देऊन टाका कुणाला तरी. घरात नको."

पारसनं ऑर्लाच्या हातातून मला हळूच घेतलं. खुशबू तिला कोपऱ्यात नेऊन इंग्रजीत सांगत होती, आणि ऑर्लाचा चेहरा कानापर्यंत लाल होत गेला. ती "सॉरी, सॉरी" म्हणत उलट्या पावली जिना चढली.

मी मागच्या पायरीवर. आत टिक्क्या निवत होत्या. 'देऊन टाका' हे शब्द मी नीट ऐकले होते. इतकी वर्षं ज्या फळीवर माझी जागा होती, तिथं आता दुसरा डबा बसणार. आणि वरची खिडकी उघडी असल्यानं ऑर्लाचं रडणंही ऐकू येत होतं.

"मला घरी जायचंय, डेक्लन. वर्ष संपेपर्यंत नाही थांबायचं. आता."

डेक्लननं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "बरं. शाळेला कळवतो." मला वाईट वाटलं ते त्याच्या आवाजाचं. त्याला इथं राहायचं होतं.

दुपारी पाहुणे पांगले. साळुबाई रिकाम्या किटल्या न्यायला मागच्या दारी आल्या आणि सगळं ऐकून पायरीवरच बसल्या. तेवढ्यात सज्जनबाई भिंत धरत बाहेर आल्या.

"शेठाणी, माझंच चुकलं," साळुबाई म्हणाल्या. "मीच म्हनले त्यांला, भांडं मोकळं देऊ नका. बटाटंबी मीच आनून दिलं. मला काय ठावं, ह्या डब्यात घालतील."

"तुम्ही सांगितलं तरी," सज्जनबाई म्हणाल्या. "माझ्या घरात राहते ती. मी तिला एकदाही सांगितलं नाही, आम्ही काय खातो न् काय नाही. नुसते डबे पाठवले." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पहाटे उठून केलंय पोरीनं. टाकू नका. तुम्ही खा."

साळुबाईंनी एक टिक्की तोंडात टाकली. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या, "पन लई मऊ झाल्यात." उरलेल्या त्यांनी नातवंडांसाठी फडक्यात बांधल्या.

मग सज्जनबाई नळापाशी बसल्या आणि स्वतः मला घासलं. खुशबू म्हणाली, "मम्मीजी, राहू द्या, आत्याजी म्हणाल्या तसं..." सज्जनबाईंनी मान वर केली नाही. "माझ्या मामांचा डबा आहे. कुणाला द्यायचा ते मी बघते." त्यांच्या हातात जोर नव्हता, पण मला तो हात ओळखीचा होता. त्यांनी माझ्यात मुगाचं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि खुशबूचा हात धरून जिना चढू लागल्या. दर दोन-तीन पायऱ्यांनी त्या थांबत होत्या.

ऑर्लानं दार उघडलं. पलंगावर बॅग उघडी होती, अर्धे कपडे भरलेले. सज्जनबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि ऑर्लासमोर हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्."

खुशबूनं समजावलं, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल त्याबद्दल.

"काल सगळ्यांना म्हटलं," सज्जनबाई म्हणाल्या. "सुरतेला, पुण्याला फोन करकरून म्हटलं. डोक्यावर राहणाऱ्या तुला मात्र म्हणायचं राहिलं. वाटलं, हिला काय कळणार. ते चुकलं माझं."

ऑर्ला गोंधळून गेली. "पण चूक तर मी केली. तुम्ही का हात जोडता?"

"तुझी चूक तू बघ," सज्जनबाई म्हणाल्या. "मी माझी बघते."

ऑर्ला त्यांच्या गळ्यात पडून रडली. मग तिनं त्यांना पलंगावर बसवायला बॅग उचलून खाली ठेवली. माझ्यातलं मुगाचं पाणी दोघींनी अर्धं अर्धं प्यायलं. पुढच्या सकाळी मी परत निघेपर्यंत ती बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली होती.

जाताना मी भरलेला होतो. फार काही नाही, चिमूटभर साखर.

त्यानंतर सज्जनबाईंनी तिला कच्च्या केळ्याच्या टिक्क्या शिकवल्या. आमच्याकडे बटाट्याचं काम केळं करतं. डेक्लन म्हणाला, ही आजीची चव नाही, आणि सगळ्या संपवल्या. शाळेतही ऑर्लानं "समजलं का" विचारणं सोडलं. त्याऐवजी वर्गाला म्हणाली, "मी इथं नवी आहे. मला कुणी न सांगितलेल्या गोष्टी तुम्ही सांगा." आणि पोरं बोलू लागली, मोडक्या इंग्रजीत, पण एकमेकांना थांबवून बोलू लागली. अंधार पडला की उसाच्या कडेनं जायचं नाही, बिबट्या असतो. मूल का नाही विचारलं तर रागवायचं नाही, हसून 'बघू' म्हणायचं. आदेश नावाच्या, कधीही तोंड न उघडणाऱ्या मुलानं उभं राहून सांगितलं की पाणी पहाटे येतं, पण त्याआधी नळ फुसफुसतो, तेव्हाच उठायचं. घरी येऊन हे सांगताना ऑर्ला हसत होती, आणि तेव्हापासून तिचा हंडा भरायला लागला.

आता एप्रिल संपतोय. करार संपला. शाळेनं पुढच्या वर्षासाठी विचारलंय. पण ऑर्लाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दोघं सुट्टीला घरी निघालेत. "येणार ना परत?" असं सगळे विचारत होते आणि ऑर्ला शाळेला दिलेलं तेच उत्तर त्यांनाही देत होती, "आईला बघून ठरवते."

सज्जनबाईंनी विचारलं नाही. काल त्यांनी मेथीचे खाकरे केले, माझ्या पोटाच्या मापाचे लहान लहान, आणि मला गच्च भरून वर नेलं.

"तुझ्या आईला दे. नरम पडू देऊ नको."

"मी प्लास्टिकच्या डब्यात काढून घेते," ऑर्ला म्हणाली. आता तिचं मराठी बरंच सुधारलंय. "तुमचा डबा हरवायला नको."

"ह्याच डब्यात ने. माझ्या मामांचा आहे, मला परत पाहिजे."

ऑर्ला माझ्या झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "रिकामा नाही आणणार."

खाली गेल्यावर सज्जनबाईंनी खुशबूला सांगितलं, वरची जागा दुसऱ्या कुणाला दाखवू नको.

हे सगळं मी बॅगेच्या आतून सांगतोय. एका बाजूला डेक्लनचा स्वेटर, दुसऱ्या बाजूला साळुबाईंनी दिलेली तुपाची बाटली. गाडी येऊन उभी आहे. मंचर ओलांडताना मला जन्मगावाचे हॉर्न ऐकू येतील, मग पुढचं सगळं अनोळखी.

ऑर्लाच्या आई, तुम्हाला एक विनंती आहे. खाकरे सावकाश खा, गुडघा जपा, पण संपल्यावर मला घासून रिकामा कपाटात ठेवू नका. तुमच्याकडचं काहीही घाला, चिमूटभर साखर घातली तरी चालेल. फक्त बटाटा तेवढा नको. आणि मग मला तुमच्या लेकीच्या हाती द्या. फळीवरची माझी जागा सज्जनबाईंनी मोकळी ठेवली आहे.