साजाखालची तिसरी दवंडी

मी एक जुनं डफडं आहे, मित्रांनो, आणि माझं कातडं फाटलेलं आहे.

रामटेकच्या पुढे जंगलात साजाटोला नावाचं गोंडांचं गाव होतं. तिथल्या धोंडबा कोतवालाच्या बापाने मला बकऱ्याच्या कातड्याने मढवलं. शेकोटीवर तापवलं की माझा आवाज नदीपलीकडे जाई. देवी टोचायला डॉक्टर आले, बाजाराचा वार बदलला, कुणाचा बैल हरवला, सगळं गावाला माझ्याकडून कळे.

दवंडीची एक रीत होती. पहिली पटेलाच्या दारात, दुसरी विहिरीवर आणि तिसरी साजाच्या झाडाखाली. तिथे गावातल्या मेलेल्या माणसांच्या नावाचे दगड उभे होते. त्यांनी ऐकल्याशिवाय हुकूम गावाला लागत नसे.

१९७६च्या मार्चमध्ये जीपमधून साहेब आले. नदीवर धरण होणार होतं. पंधरा दिवसांत गाव खाली करा, अशी दवंडी द्यायला त्यांनी धोंडबाला सांगितलं.

त्याने दोन दवंड्या दिल्या. विहिरीवरून झाडाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. मला काखेत मारून परत फिरला.

"काहून गा, हात दुखला का?" म्हाताऱ्या जयवंताने विचारलं.

"तिथं माझा बाप हाये, मावशी. त्याले उठ म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

"नको सांगू मंग. तिसरी नाही झाली तं हुकूमच नाही लागला." ती हसली. "बसू दे साहेबाले वाट पाहत."

गावाने तेच धरलं. कुणी सामान बांधलं नाही. बायका मोहफुलं वेचायला गेल्या. चंपतराव पटेलांनी पावसाळ्याच्या तयारीने छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून घेतली.

सोळाव्या दिवशी सकाळी सहा ट्रक आले. चुलीवरचा भात राहिला. कोंबड्या राहिल्या. जयवंताला रानातून टोपलीसकट आणून ट्रकमध्ये बसवलं. दगड हलवायचे तर आधी पूजा करावी लागते, त्यात एक दिवस जातो.

"एक दिवस द्या, साहेब," धोंडबा म्हणाला.

"पंधरा दिले होते," साहेब म्हणाले. ते खरं होतं.

नागपूरबाहेरच्या माळावर आम्हाला टिनाची घरं मिळाली. धोंडबा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात चौकीदार झाला. मी खिळ्याला टांगलेलं राहिलं. पुढे धरण भरलं आणि साजाखालचे दगड पाण्यात गेले. जयवंता अधूनमधून विचारी, "त्यायले सांगतलं का गा?" धोंडबा काठी उचलून पाळीला निघे. एका हिवाळ्यात ती गेली. तिच्या नावाचा दगड कुठे उभा करायचा, हे कुणाला ठरवता आलं नाही. तो अजून घरामागे आडवा आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धोंडबा मला घेऊन एसटीने धरणावर गेला. काठावर पाला पेटवून त्याने मला तापवलं. इतकी वर्षं कुणी तापवलं नव्हतं. पहिल्याच टिपरीला माझं कातडं उभं फाटलं.

त्याने मला खाली ठेवलं आणि पाण्याकडे तोंड करून नुसतंच सांगितलं, "गाव उठलं हो. आमी माळावर हावो."

मित्रांनो, ती तिसरी दवंडी झाली; आता मला नवं कातडं घालू नका. कुणाला त्याच्या जागेवरून उठवायची वेळ तुमच्यावर आली आणि त्याने एक दिवस मागितला, तर तो कशासाठी हवा आहे, एवढं मात्र विचारा.