बाल्टसची उडी

फोल्कर्टला बोट लागायची. बोटीच्या फळीवर पाय ठेवला की उलटी. तरी वर्तमानपत्रात रोज येणारी तीन चौकटींची दर्यावर्दी चित्रकथा त्याचीच, आणि हार्लिंगेन बंदरातले अस्सल खलाशी ती वाचल्याशिवाय कॉफीला तोंड लावत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्याला कथेसाठी एक भेकड हवा होता, वादळात सोबती पाण्यात पडला तरी कठडा धरून उभा राहणारा. अंकाची घाई, चेहरा सुचेना. खिडकीबाहेर शेजारचा डाउवे जाळं दुरुस्त करत बसला होता. मोडकं नाक, कानात बाळी. फोल्कर्टनं दोन्ही उचलली आणि नाव दिलं बाल्टस. झालं.

दुसऱ्याच दिवशी धक्क्यावरच्या पोरांनी सुरू केलं, "काय बाल्टस, कठडा घट्ट आहे ना?" म्हातारे मात्र हसले नाहीत. का, ते आम्स्टरडॅमहून आलेल्या फोल्कर्टला पाववालीनं सांगितलं. डाउवेचा धाकटा भाऊ येल्मर वादळात बोटीवरून पडून बुडाला, तेव्हा डाउवे खरोखरच कठडा धरून उभा राहिला होता. गावानं तो विषय पुन्हा कधी काढला नव्हता. ऐकून फोल्कर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारचं दार ठोठावून माफी मागायची, एवढंच काम होतं. पण दारापेक्षा टेबल सोपं. त्यानं बाल्टसला पाण्यात उडी मारायला लावली आणि स्वतःवर खूश झाला. चौकट छापून आली त्या दिवशी तो पुढची काढत बसला होता, तोच डाउवे आत आला.

"या ना डाउवेकाका, बसा."

"बसत नाही. आईला तुझी गोष्ट रोज मी वाचून दाखवतो. डोळे गेलेत तिचे. पण बाल्टस म्हणजे मी, हे शेजारणीनं तिला सांगून ठेवलंय."

फोल्कर्टची मान खाली गेली.

"आज बाल्टसनं उडी मारली म्हणून वाचलं, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'म्हणजे तू उडी मारली होतीस. मला कुणी सांगितलंच नाही रे.'"

"मग?"

"इतकी वर्षं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. निदान खोटं तरी बोललो नव्हतो. आज हो म्हणालो."

"काका, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हाला जरा..."

"बरं वाटेल. कळलं ते." आवाजात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर फोल्कर्टला सोसलं असतं. "आता ती विचारतेय, उडी मारल्यावर येल्मर हाताला लागला का म्हणून. उद्या काय होतं ते सांग. ऐनवेळी वाचताना मी अडखळायला नको."

उद्याचं चित्र टेबलावर ओलंच होतं. फोल्कर्टनं घाईनं त्यावर हात ठेवला. डाउवेनं तो हात अलगद उचलून बाजूला केला. पसरलेल्या शाईतूनही दिसत होतं की बाल्टस सोबत्याला जिवंत बाहेर काढतोय.

डाउवेनं चित्र शेवटच्या चौकटीपर्यंत पाहिलं. मग त्यानं टोपी घातली.

"हे मला वाचता यायचं नाही," तो म्हणाला. "उद्या तू येऊन वाच तिला."

दार लागलं. फोल्कर्टच्या तळहातावर ते मोडकं नाक उमटलं होतं. शरमेनं त्याला तो हात पुसायचंही सुचेना.